उद्या बीपी मोजायला येतो

दोष मोठ्या काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर किस्से ऐकता ऐकता ते तुम्हाला आवडायला लागतील. सगळ्यांनाच आवडतात. जबलपुरात राइट टाउनला त्यांचा दवाखाना आहे. अर्धी वस्ती लहानपणी त्यांच्याच टेबलावर रडली आहे, आणि बाकीची अर्धी तिथे स्वतःच्या पोरांना रडवायला आणते.

दवाखान्यातले किस्से म्हणजे औषधकंपन्यांच्या फुकट सॅम्पलसारखे. कोणी मागितलेले नसतात, तरी रोज थोडे येतात. काका ते ड्रॉवरमध्ये टाकतात. कधीतरी वाटू म्हणतात, वाटत नाहीत, आणि एक दिवस ड्रॉवर उघडतच नाही. माझा तसा झाला आहे. म्हणून उपडा करतो.

मी आशू. फार्मसीचं कॉलेज मधेच सोडलं. काहून सोडलं हे विचारू नका, घरात त्यावर पुष्कळ परिषदा झाल्या आहेत आणि एकीतही मला बोलू दिलेलं नाही. शेवटी काकांनी निकाल दिला, "घरी पडून पंखा बघण्यापेक्षा माझ्या रिसर्चला लाग."

हो, रिसर्च. लोक निवृत्तीच्या वयात बागेत गुलाब लावतात, काकांनी रिसर्च लावला. कुठल्याशा कॉन्फरन्समध्ये कोणीतरी म्हणालं होतं की आपल्याकडे सगळं संशोधन मोठ्या हॉस्पिटलांत होतं, पण माणूस आजारी पडला की आधी जातो गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे, आणि तिथे काय घडतं ते कोणी लिहीतच नाही. हे एकदम खरं आहे. काकांच्या तोंडून निघालेल्या मोजक्या खऱ्या गोष्टींपैकी ही एक, आणि तीही दुसऱ्याची.

विषय ठरला बीपीचा. बीपीची गोळी रोज घ्यायची असते. लोक घेत नाहीत, कारण बीपी दुखत नाही. तर अर्ध्या पेशंटांना दर आठवड्याला फोन करून गोळीची आठवण करून द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि मी दर महिन्याला घरोघर मशीन घेऊन जायचं. फोननं फरक पडतो का, बघायचं. साधा, स्वस्त, चांगला विचार. इथपर्यंत कोणाचं काही चुकलेलं नाही.

पेशंटांत माझे बाबाही होते. बाबा म्हणजे काकांचे धाकटे भाऊ, शाळेत गणिताचे सर. बीपी आमच्या घराण्यातलंच. आजोबा त्यातच गेले, जेवता जेवता, हातातला घास हातात. त्यामुळे बाकी पेशंटांचं काय व्हायचं ते होवो, या एका पेशंटात माझा जीव अडकला होता. हे लक्षात ठेवा. बाकी सगळं हसण्यासारखं आहे.

*

रिसर्च सुरू व्हायच्या आधी गावातल्या जुन्या डॉक्टरांची मीटिंग झाली. काकांच्याच हॉलमध्ये. सगळे सत्तरीच्या आसपासचे, सगळ्यांना एकमेकांची गुपितं माहीत, त्यामुळे कोणीच कोणाला प्रश्न विचारत नाही.

विषय होता, लोकांना पथ्य कसं पाळायला लावावं. मधोमध टेबलावर खोव्याची जलेबी. काळी, जाड, तुपात निथळणारी.

एक डॉक्टर दुसरी उचलत होते. त्यांना शुगर आहे हे त्यांच्या पेशंटांनाही माहीत आहे. मी म्हटलं, "सर, आपकी शुगर?"

ते शांतपणे म्हणाले, "बेटा, शुगर की गोली खाता हूं. गोली को भी तो कुछ काम चाहिए."

सगळे हसले. काकाही हसले. मग पथ्यावर ठराव पास झाला.

*

आता गटांचं बघा. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले. फोन करायचं काम तिवारीजींचं. तिवारीजी म्हणजे काकांचे कंपाउंडर, सुई टोचतानाही माफी मागणारा माणूस.

दुसऱ्या आठवड्यात दवाखान्यात जोशीआजोबा हजर. पोस्टातून निवृत्त, टोपी हातात, चेहरा लग्नाचं बोलावणं न आलेल्या माणसाचा.

"डॉक्टर, आमच्या शेजारच्या दुबेला तुमच्या इथून फोन आला. मला नाही आला. माझं काही चुकलं काय?"

खरं तर काकांनी सांगायला पाहिजे होतं, की आजोबा, तुम्ही बिनफोनवाल्या गटात आहात, असंच ठरलं आहे. पण आमच्या काकांना कोणाचा पडलेला चेहरा बघवत नाही. माणूस मेला तरी चालेल, चेहरा पडता कामा नये.

"नाही हो, लाइन लागली नसेल. तिवारीजी, जोशीजी को फोन लगाइए."

"अभी? ये तो सामने ही खड़े हैं."

"फिर भी लगाइए."

जोशीआजोबांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तिवारीजींकडे पाठ केली, फोन कानाला लावला, "हां जी, ले ली," म्हणाले, आणि टोपी घालून खुशीत घरी गेले.

त्यानंतर रांग लागली. महिनाभरात काकांच्या अभ्यासात दोन गट झाले. ज्यांना फोन जायचा ते, आणि ज्यांना वाईट वाटू नये म्हणून फोन जायचा ते.

बाबा दुसऱ्या गटातले.

*

एवढे फोन तिवारीजींना झेपेनात. मग काकांनी आपलं डोकं चालवलं. दर आठवड्याला काहून फोन करायचा? महिन्यातून एकदाच करायचा, मी जायच्या आदल्या दिवशी. "नमस्ते जी, कल आशू भैया बीपी नापने आएंगे. घर पर रहिएगा. और हां, गोली लेते रहिएगा."

मी म्हटलं, "काका, हे तर परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर सांगितल्यासारखं झालं."

काका म्हणाले, "कोणाच्या घरी न सांगता जात नसतात. तुझ्या पिढीला हे शिकवलंच नाही कोणी."

माझ्या पिढीला तुम्हीच शिकवत होते ना? असं मी म्हटलं नाही. तेव्हा मला पगार होता.

*

मदन महल स्टेशनच्या बाजूला कुसुमताई राहतात. काकांच्या फार जुन्या पेशंट. एकट्या असतात, म्हणून बोलायला कोणी मिळालं की सोडत नाहीत. मला त्यांचं जेवणखाण विचारायचं होतं.

"ताई, मीठ किती खाता?"

"मीठ? मीठ तर केव्हाचंच बंद केलं. तुझ्या काकांनीच सांगितलं होतं."

"वरणात?"

"वरणात सैंधव."

"ते मीठच आहे ना ताई."

"सैंधव मीठ कसं होईल? उपासाला चालतं ते."

"अच्छा. लोणचं?"

"लोणचं घरचं आहे."

"ठेचा?"

"ठेच्याशिवाय भाकर कशी जाईल रे घशाखाली? काहीही विचारून राहिला."

मी सगळ्याला 'नाही' लिहिलं. 'मीठ नाही, सैंधव' असा रकानाच नव्हता. मग त्या उठल्या. "थांब, तुझ्यासाठी ताक आणते, मीठ टाकून. तुला थोडीच बीपी आहे."

*

काका आठवड्यातून एकदा शहपुऱ्याला जातात, बाजाराच्या दिवशी. तिथे एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत पेशंट बघतात. हे काम ते फार मनापासून करतात, एवढं श्रेय द्यायला पाहिजे.

तिथला एक पेशंट रामसेवक. मी मशीन घेऊन त्याच्या घरी गेलो तर तो बहिणीकडे लग्नाला गेलेला. बायको दारात उभी. फोन आलेला, पाहुणा येणार म्हणून अंगण सारवलेलं, आणि नवरा गायब. बाईला फार ओशाळल्यासारखं झालं. तिनं बांगड्या वर सारल्या आणि हात पुढे केला.

"हमारा नाप लो भैया."

"भाभी, नाम तो उनका लिखा है."

"तो का हुआ? एकई चूल्हे का खाते हैं."

मी नाही म्हणून परत आलो. काकांना सांगितलं. मला वाटलं, निदान इथे तरी शाबासकी. काका भडकले. "बाई उन्हात उभी राहिली आणि तू तसाच आलास? काय वाटलं असेल तिला?"

पुढच्या वेळी मी दोघांचं मोजलं. रामसेवकचं उत्तम. तिचं इतकं वर की मशीन खराब आहे समजून मी पुन्हा लावलं. कधी कोणी मोजलंच नव्हतं.

काकांनी तिला त्याच दिवशी गोळी सुरू केली. तिनं चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि विचारलं, "अब हमको भी फोन आएगा ना?"

*

आकडे फारच छान येऊन राहिले होते. इतके छान की पुस्तकात येत नाहीत. काका रोज संध्याकाळी मी आकडे भरायचो तो टॅब हातात घेऊन ते बघायचे, नातवंडांचे फोटो बघावे तसे.

मला राहवेना. एक दिवस तिवारीजींना न सांगता, फोन न करता, सरळ कुसुमताईंच्या दारात. ताईंनी दार उघडलं, केस मोकळे, हातात चहाची बशी. बीपी मोजलं. वरचा आकडा बघून मलाच घाम फुटला.

"ताई, गोळी?"

"आज कुठली गोळी?"

"रोजची."

"अरे, तू येणार असतो तेव्हा घेते ना मी. आदल्या दिवशी एक, सकाळी एक. डॉक्टर एवढ्या आपुलकीनं फोन करतात, त्यांची मान खाली जायला नको. आज सांगून आला असतास तर आजही घेतली असती."

बशी खाली ठेवून त्या रुसल्या. मी दवाखान्यात पोचायच्या आत काकांना त्यांचा फोन गेलेला.

काका दवाखान्याच्या पायरीवरच उभे. "आपण काय इन्कम टॅक्सवाले आहोत? बाईच्या घरी धाड टाकतोस?"

"काका, ताई गोळीच घेत नाहीत. कोणीच घेत नसेल. सगळे फोन आला की घेतात."

"एका बाईवरून सगळ्यांना खोटं ठरवू नको. माणसं माझी आहेत. मी ओळखतो त्यांना."

तो आकडा त्यांनी माझ्यासमोर पुसला. फोन न करता घेतलेला, म्हणून नियमात बसत नव्हता. दोन गटांचा नियम मोडला तेव्हा यांना काही वाटलं नाही.

*

आता घरचं.

बाबांना गोळ्या काका द्यायचे, त्याच ड्रॉवरमधल्या सॅम्पलच्या. आमच्याकडे हा रिवाजच आहे. भाऊ डॉक्टर असताना दुकानातून औषध आणायचं म्हणजे दादाचा अपमान. आणि संपली म्हणून दादाकडे पुन्हा मागायची म्हणजे लाचारी. मग गोळ्यांचा जो एक पत्ता आहे त्याचं काय करायचं? जपून वापरायचा. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखा.

तिवारीजींचा फोन आला की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, उद्या मोजायचं आहे. आज घ्या."

हे माझ्या कानांनी ऐकलं. मी मेडिकलमधून त्याच गोळ्यांचे पत्ते आणून बाबांच्या टेबलावर ठेवले. संध्याकाळी ते माझ्या उशीवर होते.

"बाबा, काहून परत केले?"

"दादाला कळलं तर काय वाटेल त्याला?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"मला काय होऊन राहिलं? आकडे तर तूच लिहितोस. बघ ना, किती छान आहेत."

गणिताचे सर आहेत हे.

*

रविवारी आम्ही काकांकडे जेवायला असतो. सगळे पानावर बसलेले. मी ठरवूनच गेलो होतो. काकूंनी भात वाढला आणि मी म्हटलं, "काका, बाबा रोज गोळी घेत नाहीत. फोन आला की घेतात. तुमच्या रिसर्चमधला हा आकडाही खोटा आहे."

वाढणं थांबलं. आई माझ्याकडे अशी बघत होती, जसं मी ताटात पाय ठेवला.

काका हसले. "माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलणार नाही. काय रे?"

बाबांनी वर बघितलं नाही. वरणभात कालवत म्हणाले, "घेऊन राहिलो ना मी, दादा. रोज."

"ऐकलंस?" काका मला म्हणाले. "कॉलेज पुरं केलं नाही तो मला डेटा शिकवतो."

मी ताटावरून उठलो. नोकरीवरूनही. कोणी थांबवलं नाही. दार ओढून घेताना मागून काकांचा आवाज आला, "त्याला दही दे गं अजून, आवडतं त्याला." बाबांबद्दल बोलत होते ते. जीव तर होताच त्यांचा भावावर. जीव होता, म्हणून तर मोजलं नाही.

*

काकांचा पेपर भोपाळच्या कॉन्फरन्समध्ये वाचला गेला. मी नव्हतो, तिवारीजी गेले होते नवा कोट घालून. त्यांनीच सांगितलं.

हॉल भरलेला. पडद्यावर रेघ, बीपी महिन्यामहिन्याला खाली उतरत जाणारं. एका फोनमध्ये एवढा फरक. औषध नाही, मशीन नाही, खर्च नाही. गरीब देशांनी यातून शिकावं, असं अध्यक्ष म्हणाले.

मग मागच्या रांगेतल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं हात वर केला. "सर, क्या आपने कभी बिना बताए भी बीपी नापा?"

काकांनी चष्मा काढला. "बेटी, आप किताब से आई हैं, मैं मोहल्ले से. हमारे यहां किसी के घर बिना बताए नहीं जाते."

टाळ्या. तिवारीजी म्हणाले, बराच वेळ चालल्या. मुलगी खाली बसली. तिच्याशी लग्न करायचा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण तिनं शिक्षण पुरं केलेलं आहे.

*

मेडल घेऊन काका आले. अभ्यास संपला. तिवारीजींचे फोन बंद झाले. मशीन घेऊन कोणी येणार नव्हतं, मग गोळी कोणासाठी घ्यायची?

जोशीआजोबा दवाखान्यात येऊन विचारून गेले, "डॉक्टर, हल्ली फोन येत नाही. आम्ही बरे झालो काय?"

काका म्हणाले, "ठणठणीत."

*

बाबा शाळेत पडले. फळ्यासमोर, उदाहरण अर्धं सोडवून झालेलं. मुलांना वाटलं खडू उचलायला वाकले.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरनं विचारलं, "बीपी की दवा रेगुलर लेते थे?" काका म्हणाले, "हां." आई म्हणाली, "हां." मी म्हणालो, "नहीं." डॉक्टरनं माझं लिहून घेतलं.

आता बाबा घरी आहेत. काका रोज येतात. फोन न करता येतात, कधी सकाळी, कधी दुपारी. इतकं शिकले.

गोळी आई सकाळीच देते, माझ्यासमोर, मी आणलेल्या पत्त्यातली. त्यात काही चूक होत नाही. पण फाटकाशी काकांची स्कूटर वाजली की बाबा अस्वस्थ होतात. डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर ठकठक करतात. औषधांच्या टेबलाकडे बोट दाखवतात. आई म्हणते, "अहो, दिली मघाशी." ऐकत नाहीत. ठकठक वाढत जाते. काका चपला काढत असतात, वेळ थोडा असतो. शेवटी आई रिकामा पत्ता उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरते आणि एक चमचा पाणी पाजते. मग शांत होतात.

काका आत येतात, पट्टा बांधतात, मशीन बघतात.

"छान आहे," म्हणतात. "रोज घेतोस ना रे?"

बाबा मान हलवतात.

त्यांचा उजवा हात गेला आहे. बोलणंही गेलं आहे.